जागा आहे

लूथरन चर्चच्या तळघरात समिती बसते,
महिन्याचा दुसरा मंगळवार, संध्याकाळी सात.
बाहेर उणे बावीस. कॉफीचं भांडं गुरगुरतं.
मला बोलावतात, कारण दगड माझ्याकडे आहे:
काळा ग्रॅनाइट, सहा फूट बाय चार,
ऑक्टोबरपासून शेडमध्ये ताडपत्रीखाली
कोरा.

काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ना,
ती मी रोज मारतो. पोटासाठी.
चुकली, तर अख्खा दगड पुन्हा घासायला लागतो.

पहिलं नाव सोपं गेलं.
डेप्युटी ऑर्व्हिल टोलेफसन, १९२६,
चोरट्या दारूच्या ट्रकखाली.
माना डोलल्या, रूबार्ब पायचे तुकडे फिरले.

मग हुल्दा ब्रेके.
जेलरची बायको, अठरा सालच्या साथीत
कैद्यांच्या उशाशी बसून गेली.
कुणीतरी म्हणालं, ती नोकरीत कुठे होती?
खरंच आहे. पगार नवऱ्याला होता,
किल्ल्या तिच्या कमरेला.
तासाभराने ठरलं, घ्यायची, पण लहान अक्षरांत.
लहान अक्षरांना जास्त वेळ लागतो,
हे मी सांगितलं नाही.

एका जुन्या वहीत इतकंच होतं:
'एक इंडियन पोलीस बुडाला. घोडाही.
घोड्याची किंमत चाळीस डॉलर.'
डेल्फिन रिझर्वेशनवरून साठ मैल गाडी हाकत आली,
आजीच्या बायबलचं मागचं पान घेऊन.
जोसेफ ग्रे ब्लँकेट.
स्पेलिंग तिने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं
आणि कॉफी न घेता निघाली.

शेवटी लायल एंगब्रेटसन.

मार्लिस मागच्या रांगेत, कोट अंगातच.
ती दर सभेला येते. बोलत नाही.
तलावाचा बर्फ फुटला तेव्हा आत दोन मुलं होती.
लायलने एक काढलं.
दुसऱ्याचा हातमोजा तेवढा त्याच्या हातात आला.
त्यानंतर चौदा आठवडे तो ड्यूटीवर जात राहिला,
आणि एका रविवारी गॅरेजचं दार आतून लावलं.
युनिफॉर्म इस्त्री करून हँगरला होता.

नियम एका ओळीचा आहे: कर्तव्य बजावताना मृत्यू.
ती ओळ दोनदा वाचली गेली.
धारातीर्थी पडले, असं आपण किती सहज म्हणतो;
गॅरेजला तीर्थ कोण म्हणणार?

तेव्हा हार्लन स्ट्रोमेनं माझ्याकडे पाहिलं.
अध्यक्ष तोच. तेव्हाचा शेरीफ तोच.
रेडिओवर 'जा' म्हणणारा आवाज त्याचाच.
'अल्विन,' तो म्हणाला, 'दगडावर जागा तरी आहे का?'

त्या प्रश्नाला मागचं दार होतं.
मी 'नाही' म्हणालो असतो, तर सगळे
एकमेकांच्या पाठीवर हात ठेवून
त्यातून बाहेर पडले असते.
दोष ग्रॅनाइटचा, कुणाचाच नाही.

मी म्हणालो, 'आहे. सात ओळींची.'

खुर्च्या करकरल्या. हात वर झाले.
तीन. मग उरलेले तीन.
हार्लनचे दोन्ही हात टेबलाखालीच होते.
'पुढच्या महिन्यात बघू,' तो म्हणाला,
आणि कपात नसलेली कॉफी प्यायला.

पार्किंगमध्ये मार्लिस काचेवरचा बर्फ खरवडत होती,
एका जुन्या कॅसेटच्या डबीने.
मी मदतीला गेलो. तिने डबी दिली नाही.
खरवडता खरवडताच म्हणाली,
'समजा, हो म्हणाले.
तर तारीख कुठली घालाल तुम्ही?
तलावाची, की रविवारची?'

तीस वर्षं मी नावामागून तारीख कोरतो आहे.
कुणी विचारलं नव्हतं.

माझ्या खिशात खुणेची पांढरी पेन्सिल होती.
थंडीनं बोटं तिच्याभोवती
वळत नव्हती.