सात वाजून दोन मिनिटं

ओहायोतल्या ब्रॅमवेल गावची मी टाऊन क्लार्क.
कुत्र्यांचे परवाने, दफनभूमीतल्या जागांच्या पावत्या,
आणि दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
सभेचं इतिवृत्त.
सभा सातला. सात वाजून दोनला प्रार्थना.
अकरा वर्षं तेच वाक्य लिहितेय:
पास्टर हिक्स यांनी प्रार्थना केली, सर्व उभे होते.

सर्व म्हणजे मीही.
मान किती वाकवायची ते बेतून ठेवलंय,
वहीत बघतेय असंही वाटावं
आणि उद्धटही दिसू नये.

यंदा यादीत एक नाव आलं.
अर्विन कोवाक, निवृत्त वेल्डर. धर्माच्या रकान्यात: नाही.
नियम साधा, कोणीही नाव द्यावं.
नियम करताना 'कोणीही' म्हणजे कोण
हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग खुर्च्या कमी पडल्या.
कोणी म्हणालं, देवाला दाराबाहेर काढताय.
कोणी म्हणालं, देवाला सभागृह कशाला लागतं,
त्याला काय पाणीपट्टी भरायचीय?
मिसेस ऑट रडल्या, खरंखुरं;
त्यांचा मुलगा गेला त्या आठवड्यात
याच सभेनं त्याच्यासाठी डोळे मिटले होते.
हे मी लिहून घेतलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

कोणीतरी माझ्याकडे वळून, गोड आवाजात:
तुमच्यात काय करतात?

आमच्यात.
मोहोळची तहसील कचेरी, वडील अव्वल कारकून,
श्रावणात सत्यनारायण.
साहेबांच्या टेबलाजागी चौरंग,
फायलींच्या कपाटाला केळीचे खुंट.
खुंट बांधायचा दस्तगीर मुजावर, शिपाई.
सुतळी त्याची, गाठ त्याची,
आरतीला मात्र तो दाराशी, आमच्या चपलांपाशी.
कोणी हाकललं नव्हतं त्याला.
कोणी बोलावलंही नव्हतं.
शिरा द्यायला मला धाडायचे. तो दोन्ही हातांनी घ्यायचा.
खायचा का, हे मी थांबून कधी पाहिलं नाही;
मला माझा दुसरा द्रोण हवा असायचा.

यातलं काहीच बोलले नाही.
म्हणाले, वेगवेगळं असतं.

कोवाक उठला. खिशातून कागद काढला.
जानेवारीत मेन स्ट्रीटची पाइपलाइन फुटली
त्या रात्री गुडघाभर गार पाण्यात उतरलेल्या
पाच जणांची नावं वाचली. बसला.
मागून कोणीतरी सवयीनं 'आमेन' म्हणालं
आणि मग इकडेतिकडे पाहिलं.

ठराव पुढच्या सभेवर ढकलला, चार विरुद्ध तीन.

आता रात्री साडेअकराला लिहायला बसलेय.
सात वाजून दोन: श्री. कोवाक यांनी
पुढचं क्रियापद सापडत नाही.
उपस्थितांचा रकाना आहे, गैरहजरांचा आहे,
दाराशी उभ्या असलेल्यांचा नाही.

समासात पेन्सिलीनं एक गाठ काढलीय,
सुतळीची असते तशी, दुहेरी.
टाइप करताना ती येणार नाही.