टेस्ट ड्राइव्ह

सेल्समन बटण दाबतो,
पडदा मागे सरकतो, आणि
लिंक रोडवरचं आभाळ
दीड लाखाने महाग होतं.

हेमांगी म्हणते, मे महिन्यात भाजून निघू.
शिवाय आपल्या पार्किंगवर नारळ;
सोसायटी वर्षवर्ष उतरवत नाही.
कबुतरांचं तर विचारूच नकोस.

खरंय. दिसणार तरी काय?
मेट्रोचं पोट,
फ्लायओव्हरचं ओलसर बूड,
अर्ध्या टॉवरवर अडकलेली क्रेन.

सिग्नलला मी नाही म्हणायची
वाक्यं जुळवतोय, तोच मागे
पाठीला बाक आल्यापासून
नुसत्या फरश्या मोजणारे अण्णा
सीटवर रेलून विचारतात,
"ती घार ना रे?"

सेल्समनचा हात बटणाकडे जातो.
"राहू दे जरा,"
हेमांगी म्हणते.
सिग्नल कधीचा हिरवा झालाय.