प्रश्न सतरावा

मूल हवी ती वस्तू बोटानं दाखवतं का?
नेहमी, कधीकधी, अजून नाही.

चित्रांच्या पुस्तकात टोस्टर आहे,
बर्फावरची घसरगाडी आहे.
मुंढव्याच्या लेबर कॅम्पात, पत्र्याच्या सातव्या खोलीत
मी बावीस महिन्यांच्या हणमंतला विचारते,
घसरगाडी कुठंय?
तो माझ्या पेनाचं टोपण चोखतो.
गुण शून्य.
कुणाला, ते फॉर्ममध्ये नाही.

परवानगीला समितीनं अकरा महिने घेतले.
त्यांचंही बरोबर, लहान मुलं आहेत.
तोवर यादीतली एकवीस पोरं वयात बसेनाशी झाली,
झबली आखूड व्हावीत तशी.

मग पाकिटं. खाकी, एकसारखी, चिकटवलेली.
आत एकच शब्द: आता, किंवा नंतर.
निलावतीनं लॉटरीसारखं फोडलं
आणि वाचता येत नाही म्हणून माझ्याकडं पाहिलं.
'नंतर,' मी म्हणाले.
'नंतर म्हंजी? दिवाळी झाल्यावर?'
नंतर म्हणजे तुलना, हे मला सांगता आलं नाही.
नंतर म्हणजे तुझ्या पोराला काहीच न देता
आम्ही वर्षभर नीट बघणार,
काही न दिल्यावर काय होतं.

निघताना, एक चप्पल पायात, एक बाहेर,
मी ओढणी तोंडावर घेतली.
कुठं गेली मावशी?
भो!
एवढंच. दोनदा. फार तर तीनदा.
निलावती विटेवर बसून बघत होती.

सहाव्या महिन्याला हणमंतनं क्रेनकडं बोट केलं.
मग वळून आईकडं पाहिलं,
तिला दिसली का, हे बघायला.
मी 'कधीकधी'वर खूण केली. हात थोडा हलला.

ऑफिसात सर आलेखावर वाकले,
'नंतर'वाली मुलं अशी कशी पुढं जातायत?
कुठंतरी भेसळ झालीय.
मी चहा ढवळत राहिले.
बिनसाखरेचा होता.

अभ्यास बारा महिन्यांचा. इमारत नवव्यातच पुरी झाली.
शेवटच्या भेटीला गेले तर खोली सातच्या जागी
कुंड्या, आणि शिट्टीवाला वॉचमन.
'क्रेन ताथवड्याला गेली, मॅडम.
माणसांचं काय ठाऊक नाही.'
फोन बंद.
रकान्यात लिहायचं असतं: संपर्क तुटला.
लिहिलं.

परतताना नदीच्या पुलावर गाडी बाजूला घेतली.
पश्चिमेला, धुरकटात, सहा क्रेन.
मागं हॉर्न वाजत होते.
मी हेल्मेट काढलं
आणि बोट केलं.