डोळ्यांच्या उंचीला

केमीच्या कागद गिरणीत, बॉयलरच्या मागे,
जिथे जानेवारीत भर दुपारीही
दिवे लावून चालावं लागतं,
तिथे राइली पाइप रंगवायची.
पाण्याला हिरवा, वाफेला चंदेरी,
आम्लाला जांभळा.
"पाइप मुका," म्हणायची,
"पोटात काय आहे ते आपणच सांगायचं."

आगीच्या पाण्याचा लाल आणि साध्याचा हिरवा
मला एकाच मातीचे दिसतात,
हे मी कुणाला बोललो नव्हतो.
पोटाचा प्रश्न होता.
तिला कसं कळलं, कोण जाणे.
एखाद्या व्हॉल्व्हवर माझा हात
क्षणभर जास्त रेंगाळला असेल.

तिने विचारलं नाही.
पुढच्या आठवड्यात प्रत्येक वळणावर
टपोरी पांढरी अक्षरं, आणि बाण,
आतलं जिकडे वाहतं तिकडे.
सगळं माझ्या डोळ्यांच्या उंचीला.
मी बुटका. इतरांना वाकावं लागतं.

आता छापील स्टिकर येतात.
वाफेने त्यांचे कोपरे उचलले जातात,
खाली तिचा बाण असतोच.

काल नवा पोरगा, ईतू, हसत म्हणाला,
"ही अक्षरं इतकी खाली कुणी काढली?"
सांगणार होतो.
मग म्हटलं, वाक.
वाच मोठ्याने.