तीन मायक्रॉन

जाम चौरस्त्यावरून समुद्रपूरकडे वळलं
की डाव्या हाताला पत्र्याचं शेड. बोर्ड नाही.
बोरीला बांधलेली शेळी दिसली की थांबायचं.
आत स्टीलचं पिंप, जाडजूड दाराचं,
आणि एक पंप, जो दीड तास
त्यातली हवा काढत बसतो
चिमूटभरही मागे राहू नये म्हणून.

हिंगणघाटहून मजीदभाई जिनची पाती आणतात
गोणपाटात गुंडाळून.
"दसऱ्याले जिन चालू होते अन् संक्रांतीलेच
धार बसते मॅडम. काहून?"

काहून ते त्यांनाच जास्त ठाऊक.
मी फक्त माझ्या बाजूचं सांगते:
टायटॅनियमच्या चकतीवर ठिणगी नाचते,
तिच्या पायाखालचा धातू वाफ होऊन उडतो,
वाटेत त्याला नायट्रोजन गाठतो,
आणि दोघं मिळून पात्यावर जाऊन बसतात,
साडेचारशे डिग्रीला.
थर तीन मायक्रॉनचा,
तुमच्या कापसाच्या एका तंतूचा पाचवा हिस्सा.
"म्हंजे वर्ख."
वर्खच. पण हा वर्ख पोलादाला ओरखडतो.

रंग सोन्याचा येतो, त्याला माझा इलाज नाही.
शेळीवाल्या बाईंनी एकदा दारातून पाहिलं
आणि दोन दिवस लोक उगाच पाणी मागायला येत होते.

मंगळवारच्या खेपेत चोवीस पाती.
तेविसांना काही झालं नाही.
चोविसाव्यावर हिऱ्याचं टोक रोवलं, दीडशे किलोच्या भाराने,
आणि खड्ड्याच्या काठाने थर सुटला.
तडकला नाही, सुटला.
हा फरक मी वेदांतीला शेतातूनच शिकवला होता.
ताण असला की काळं रान एप्रिलमध्ये भेगाळतं तसं होतं.
आपला थर दाबात असतो, चहूकडून रेटलेला;
खालची पकड ढिली असेल तिथे
तो तव्यावरच्या भाकरीसारखा फुगतो,
आणि मग पापुद्रा.
कडकपणा मोजून देता येतो, आकडा येतो.
पकडीचं तसं नाही.
ती कुठे नव्हती एवढंच कळतं, तेही नंतर.

"धुतलं होतंस नीट?"
"हाव मॅडम."
"अल्कोहोलने?"
"दोनदा."
"हातमोजे?"
ती काहीच बोलली नाही. मी मात्र बोलले.
आर्वीच्या आयटीआयपर्यंत गेले मी बोलत बोलत.
ती फडकं घेऊन पंपाचं झाकण पुसत राहिली,
जे आधीच स्वच्छ होतं.

संध्याकाळी शेडमध्ये एकटीच होते.
सुटलेला डाग सूक्ष्मदर्शकाखाली धरला.
डाग गोल नव्हता. त्याला वळणं होती,
एकाआड एक, सोनेरी, करडी, सोनेरी,
बांध घातलेल्या उताराला वरून पाहावं तशी.
अंगठा.
दुपारच्या डब्यातली जवसाची चटणी,
तिचं तेल, एका रेणूची जाडी असेल नसेल,
निर्वात पिंपात, साडेचारशे डिग्रीला,
आपली जागा धरून बसलेलं.

आणि त्या वळणांना मधोमध छेदून गेलेली
एक आडवी, सरळ रेघ.

तिसरीत असताना अंबाडी चिरताना
विळ्याने माझा उजवा अंगठा कापला होता.
मी दिवा बंद केला. परत लावला.
रेघ तिथेच होती.

बुधवारी वेदांती आली तेव्हा
रजिस्टर तिच्यापुढे उघडं ठेवलं.
बिघाडाच्या रकान्यात माझं नाव होतं, पूर्ण, आडनावासकट.
तिनं वाचलं, चपला कोपऱ्यात सारल्या,
आणि विचारलं, "आज पुलगावची पाती घ्यायची का आधी?"
घे म्हटलं.

मजीदभाईंना मी ते चोविसावं दाखवलं,
भंगारात टाकते म्हणाले, पैसे लावणार नाही.
"फेकता काहून? द्या मले.
घरी कडबा तोडाले होते."
गोणपाटात सगळ्यात वर ठेवलं त्यांनी ते,
डागाची बाजू आभाळाकडे.
फटफटी चौरस्त्याकडे वळेपर्यंत
मी अंगठा मुठीत धरून उभी होते.