कर्ता

करावे गावच्या चांगुणाबाईंनी
रात्री दोन ते साडेचार डंपर मोजले:
एकोणतीस. दारांवरचं कंपनीचं नावही
नातवाच्या वहीत लिहून आणलं.

संपादकांनी आधी नाव काढलं,
पहिल्या पानावर त्याच नावाचे खाडीदर्शन फ्लॅट;
मग मागच्या स्कॉर्पिओतला नगरसेवक, मग आकडा.
उरलं: ‘तिवरांवर भराव टाकला’.
कुणी, ते नाही. वाक्य लंगडतं
म्हणून मीच, सवयीनं,
भरावालाच कर्ता केलं:
‘भराव पडला’.
पान सात, चार ओळी.

सकाळी तिचा फोन.
‘परला? आभालातशी परला काय रं?’

मी गप्प.

‘वही दे पाठवून. गनिताची हाय पोराची.
आन् रातचे परत येतील ते,
मोजाला नको?’