दोन तोट्या

आग्नेल सर चित्र घेऊन डिचोलीला आले,
कागदावर छापलेलं, घडीपाशी पांढरं पडलेलं.
सगुणाबाय, असं एक जमेल?
नाझ्का लोकांचं, पेरूतलं.
मला आधी फळच आठवलं.

मडक्याला दोन तोट्या, मधे कमानीसारखी कडी.
पोटावर एक देव, उडतोय की पोहतोय कळेना,
मांजराच्या मिशा, जीभ हनुवटीखाली,
हातात केसांनी धरलेलं माणसाचं मुंडकं.
मुंडक्याचे ओठ काट्यांनी टाचलेले
आणि त्याच ओठांतून शेंगांचा वेल.

क्रूर वाटेल तुम्हाला, सर म्हणाले.
मी खालची ओळ बघत होते:
मिरच्या, देठासकट, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या.
आमच्या हरमलच्या मिरचीला
कुणी कूळ विचारलंय कधी?

माझं माहेर सत्तरीत.
शिगम्याला तिथे चोर पुरतात.
कुणाची मान तेवढी वर,
कुणाचं डोकं जमिनीत, पाय आभाळाकडे.
निष्पाप पोरं मारली होती म्हणे गावाने,
ते देणं दरवर्षी थोडं थोडं फेडतात.
एका साली आमचा बाबलो होता.
ढोलांच्या गर्दीत मी त्याची टाच ओळखली,
डावी, भेगाळलेली.
आई म्हणाली, बघू नको, आकडे मोज.
मला शंभरापुढचे येत नव्हते.
पुन्हा एकपासून.

रोयणीची माती आम्ही घेत नाही, ती सातेरी.
मयेच्या शेतातली आणली, तुडवली, पोट घडवलं.
तोट्या चिकटवताना हात थांबला.
जमिनीतून वर आलेले दोन पाय.
डोकं आत, काळोखात.

सरांना विचारलं, दोन कशाला?
एकीतून पाणी पडतं, दुसरीतून हवा आत जाते,
नाहीतर अडखळतं.
म्हणजे श्वासाला वाट ठेवली होती त्यांनी.

त्यांच्याकडे दहा-बारा रंग, माझ्याकडे काव, शेडू, काजळी.
ओठांसाठी करवंदीचे काटे आणून ठेवले होते.
ते अजून खिडकीत आहेत.

भट्टीत डाव्या तोटीला चीर गेली.
सर म्हणाले, दुसरं करा, दोन्हीचे पैसे देतो.
दुसरं केलं. ते नेलं.

चवथीला बाबलो आला,
चिरलेलं मडकं उचललं, तोटीत फुंकर मारली.
मडकं घुमलं, लांबून ढोल यावा तसं.
खाली असंच ऐकू येतं, म्हणाला,
आणि चहात साखर कमी आहे म्हणून
पुन्हा आत गेला.